हिवर वाळले तो चैत्र

चैत्र लागला की मी हिवराकडं बघते. औंधात आमच्या घरावरून यमाईच्या डोंगराकडं निघालं, की चढ सुरू होण्याआधी उजव्या हाताला एक हिवर उभा आहे. पांढुरका, पिवळट बुंधा आणि वर छत्रीसारखा पसरलेला काटेरी पसारा. देवीला जाणारी माणसं त्याच्या सावलीत घटकाभर टेकतात, पाणी पितात आणि त्याच्याकडं न बघताच पुढं जातात. मी मात्र फाल्गुन सरत आला की शाळेतून येताना तिथं थांबते. हाताला येईल ती फांदी खाली ओढते आणि काट्याच्या बगलेत तांबूस कोंब फुटलाय का ते बघते. या वर्षी फुटला. काडीच्या गुलाएवढा, ओलसर, तांबडा. फांदी सोडून दिली आणि तिथंच दगडावर बसले. रस्त्यानं जाणाऱ्या एका बाईनं विचारलं, "बाई, चक्कर आली का?" मी म्हटलं, "नाही. बरं वाटलं म्हणून बसले."

तिला काय सांगणार? ज्या चैत्रात हा कोंब आलाच नाही, तो चैत्र मी पाहिलेला आहे.

माझं माहेर कवठे महांकाळच्या पूर्वेला, एका माळावरच्या गावात. पश्चिमेकडं कृष्णेच्या काठाला ऊस उभा असतो तेव्हा आमच्याकडं कुसळं वाऱ्यावर हलत असतात. आमच्या रानाच्या खालच्या अंगाला एक ओढा. वर्षातला बहुतेक काळ कोरडा. पण त्याच्या काठानं हिवरांची एक रांग होती, आणि ती रांग पार वरच्या टेकावरून दिसायची. भर वैशाखात सगळा माळ भाजलेल्या भाकरीसारखा झालेला असताना तेवढीच एक हिरवी रेघ. पाहुणे यायचे त्यांना खूण तीच सांगायची: हिवरं दिसली की डावीकडं वळा.

त्या झाडांखालचं माझं लहानपण मला वासानं आठवतं. पावसाळा संपता संपता त्यांना बारीक, पिवळसर गोंड्यांची फुलं यायची. वास इतका हलका की शोधायला गेलं की सापडायचा नाही आणि विसरून कामाला लागलं की येऊन नाकाशी उभा राहायचा. उन्हाळ्यात चपट्या, वाकड्या शेंगा गळायच्या. मेंढरं घेऊन धनगर यायचे, लांब काठीनं फांद्या हलवायचे, आणि शेंगांचा नि मेंढरांच्या खुरांचा मिळून एक आवाज व्हायचा. सुगरणीची घरटी ओढ्यावर झुकलेल्या फांद्यांना लोंबत असायची. दुपारी आई तिथंच धुणं वाळत घालायची. काट्यांवर घातलेलं लुगडं वाऱ्यानं उडत नसे.

आणि तिथं तात्या बसायचे. तात्या म्हणजे माझे वडील. फौजेतून हवालदार होऊन परत आले होते. नोकरीतली बरीच वर्षं राजस्थानच्या वाळवंटात, सीमेवर गेली. लढाईबद्दल ते कधी बोलले नाहीत. बोलायचे ते झाडांबद्दल.

"तिकडं वाळूत खेजडी म्हणून एक झाड आसतंय, पोरी. वर ढग न्हाई, खाली ओल न्हाई. तरी उन्हाळ्यात हिरवंगार. तिथली म्हातारी माणसं सांगायची, हीर खंदताना पार तळाला गेलं तरी तिची मुळी घावती. पाणी जिथं आसंल तिथवर जाती. आपला हिवर तिचाच भाऊबंद. ह्यो काय मरत न्हाई."

ही त्यांची श्रद्धा होती. देवावर होती की नाही ठाऊक नाही, पण या झाडांच्या मुळांवर होती.

मी आता शाळेत भूगोल शिकवते. पुस्तकात भूजलाची एक आकृती आहे. वर एक डेरेदार झाड, खाली मातीचे थर, त्याखाली निळ्या रंगाचा एक पट्टा. झाडाची मुळं त्या पट्ट्यात अलगद बुडवलेली दाखवली आहेत, एखाद्यानं थकून आल्यावर पाय पाण्यात सोडावेत तशी. मुलं आकृती काढतात, पट्टा निळ्या खडूनं रंगवतात. पट्टा नेहमी त्याच जागी. मी फळ्यासमोर उभी असते आणि हातातला खडू खाली ठेवून देते.

आमच्या गावात द्राक्षं आली आणि गावाचं रूप पालटलं. माझा थोरला भाऊ विलास, त्यानंही बाग लावली. शेजारच्या रानात धनपाल आण्णांची बाग होती. आण्णा जैन, तीन पिढ्यांपासून आमचे शेजारी. आमच्या बैलाचा पाय मोडला तेव्हा त्यांनी आपला बैल औताला दिला होता. दोन्ही बागा एकमेकींना लागून, हिरव्या मांडवासारख्या. पण विहिरींनी तळ दाखवला, तेव्हा सगळ्यांनी बोअरची गाडी बोलावायला सुरुवात केली. विलासचं पहिलं बोअर कोरडं गेलं. दुसऱ्यातून धूळ आली.

मग त्यानं पाणाड्या आणला. पाणी कुठं आहे ते सांगणारा माणूस. मी तेव्हा सुट्टीला माहेरीच होते. तळहातावर नारळ आडवा धरून तो रानातून फिरत होता आणि त्याच्या मागं आम्ही सगळे, देवाची पालखी चालल्यासारखे. वरच्या पट्टीत काही झालं नाही. मधल्या पट्टीत नाही. चालत चालत तो ओढ्याकडं उतरला, हिवरांच्या सावलीत शिरला आणि नारळ त्याच्या हातावर उभा राहिला.

"हितं," तो म्हणाला. "आवं, ह्याला नारळ तरी कशाला पायजे? उन्हाळ्यात झाड हिरवं हाय म्हंजे खाली पाणी हाय. झाडानंच सांगितलंय."

तात्या बुंध्याला टेकून उभे होते. म्हणाले, "विलास, हितं नगं. ते झाडांचं पाणी हाय. ती आपल्या आधीची हायत."

विलास चिडला नाही. तो हात जोडून बोलला, ते मला जास्त लागलं. "तात्या, बाग पंधरा दिस बी निघायची न्हाई. तुमी सांगा, झाड जगवू का बाग? बागंवर पोरांची शाळा हाय, घर हाय. हिवरावर काय हाय?"

तात्यांनी झाडाकडं पाहिलं, मग वरच्या बागेकडं. मग खाली वाकून पाणाड्यानं दाखवलेल्या जागेवरचे काटे आपल्या हातानं बाजूला केले. म्हणाले, "मुळी काय तेवढ्यावर थांबत न्हाई. ती जाईल आजून खाली. मार बोअर."

गाडी आली. दिवसभर माळ हादरत होता. बुंध्याला हात लावला की आतून थरथर जाणवायची. दगडाची पांढरी भुकटी उडून हिवरांच्या पानांवर बसली आणि झाडं एकाएकी म्हातारी दिसायला लागली. संध्याकाळकडं पाणी लागलं. असं उसळलं, की गाडीवरच्या माणसांनी आरोळी ठोकली. विलासनं तात्यांना उचलून घेतलं. सुनंदावहिनी, त्याची बायको, पदर तोंडावर धरून रडत होती. आम्ही सगळे त्या चिखलट, कोमट पाण्यात भिजलो. त्या पाण्याला लोखंडाचा नि जुन्या अंधाराचा वास होता. आमच्या घरात इतका आनंद मी त्याआधी पाहिला नव्हता. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढं जे झालं ते काही दुष्टाव्यातून झालं नाही. तहान होती, आणि पाणी दिसलं.

बाग तरली. एक-दोन हंगाम चांगले गेले. मग गावात एकेक गाडी येतच राहिली. धनपाल आण्णांनी बोअर मारलं ते आमच्यापेक्षा खोल. खालच्या वाडीनं मारलं ते त्याहून खोल. पाऊस हात आखडता घेत होता आणि ज्यानं त्यानं जमिनीत आपला पाइप आणखी खाली सोडला. आमच्या मोटारीत हवा यायला लागली. पाण्याऐवजी ती खोकायची.

आणि मग तो चैत्र आला. गुढीपाडव्यानंतर विलासचा फोन आला. "तू ये. तात्या आंघोळ करंनात. दोन वेळचं पाणी पीत न्हाईत. सगळं नेऊन झाडास्नी घालत्यात."

मी एसटीतून उतरले आणि सवयीनं ओढ्याकडं नजर टाकली. हिरवी रेघ नव्हती. आधी वाटलं, उन्हानं डोळे दिपलेत. मग जवळ गेले. पांढुरके बुंधे जागच्या जागी होते, काटे होते, पण काट्यांच्या बगलेत काहीच नव्हतं. फांदी वाकवायला गेले तर कट्‌कन मोडून हातात आली. सुगरणीची गेल्या साली विणलेली घरटी उघड्या फांद्यांना लोंबत होती. त्यांच्यावर सावली धरायला एक पान नव्हतं.

तात्या प्रत्येक झाडाला आळं करत होते. मला बघून म्हणाले, "आलीस? बरं झालं. ती कळशी आण."

त्या दिवसांत गावाला टँकर यायचा तो कधी येईल त्याचा नेम नसायचा. कधी सकाळी, कधी भर दुपारी, कधी नाहीच. घरात पिण्याचं पाणी हंड्यांवर फळी ठेवून, फळीवर दगड ठेवून राखलेलं. त्यातली एक कळशी तात्या रोज उचलायचे. वहिनीनं पहिले काही दिवस काही म्हटलं नाही. मग एका दुपारी ती दारात आडवी उभी राहिली.

"मामंजी, पाया पडते तुमच्या. पोरगी तापानं फणफणलीया. तिच्या कपाळावर पट्टी ठेवायला मी पाणी कुठनं आणू?"

तात्यांनी कळशी खाली ठेवली. त्यांचा चेहरा पाहवेना. ते आत गेले, नातीच्या कपाळावर हात ठेवून बसले. थोड्या वेळानं उठले, आपल्या वाट्याचा तांब्या घेतला, त्यातलं घोटभर पिऊन उरलेलं पाणी घेऊन बाहेर पडले. वहिनी भिंतीला डोकं टेकून हुंदके देत राहिली. मी दोघांच्या मधे उभी होते. कुणाला चूक म्हणणार होते?

एक तांब्या पाणी. आळ्यात ओतलं की 'सुर्र' असा आवाज व्हायचा, तापलेल्या तव्यावर शिंतोडा पडल्यासारखा, आणि ते दिसेनासं व्हायचं. झाडाची मुळं कितीतरी खाली होती. वर घातलेलं पाणी त्यांच्यापर्यंत पोचणार नाही हे मला कळत होतं. तात्यांनाही कळत होतं. ते नखानं साल खरवडून बघायचे. आत हिरवं दिसलं की म्हणायचे, "हाय. आजून हाय." पुढच्या झाडाकडं जायचे. दिवसागणिक "हाय" म्हणण्याची झाडं कमी होत गेली. बुंध्यांना बारीक भोकं पडू लागली, भोकांतून भुसा गळू लागला. दुपारच्या शांततेत कान लावला तर आत भुंगेरे पोखरत असल्याची करकर ऐकू यायची.

मग तात्या धनपाल आण्णांकडं गेले. मीही बरोबर होते. आण्णांनी ओसरीवर घोंगडं अंथरलं, ताक दिलं. तात्यांनी ताकाला हात लावला नाही.

"धनपाल, एक मागाय आलोय. ह्यो उन्हाळा तेवढं तुझं बोअर बंद ठेव. पाणी जरा वर सरकलं तर मुळीला घावंल."

आण्णांनी बागेकडं पाहिलं. उन्हाळ्यातली खरड छाटणी त्यांनी नुकतीच केली होती. त्यानंतर वेलीला नवा फुटवा येतो, त्याच वेळी पाणी लागतं. ते तोडलं तर पुढच्या साली घड लागत नाही, हे तात्यांना न सांगता ठाऊक होतं.

"तात्या, तुमी सांगितलं तर मी आत्ता बटण दाबतो," आण्णा म्हणाले. "पर माझं बंद झालं तर खालच्या वाडीचं चालूच ऱ्हाणार. त्यांचं बंद केलं तर त्यांच्या पलीकडचं. जमिनीखाली बांध न्हाई हो. म्या सोडलेलं पाणी तुमच्या झाडाला जाईल का त्यांच्या मोटारीत, ह्ये कुणी सांगावं?"

तात्या उठले. म्हणाले, "खरं हाय तुझं. म्या उगाच आलो." उन्हात आम्ही परत निघालो.

पण दुसऱ्या दिवशी आण्णांच्या मोटारीचा आवाज आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. विलास म्हणाला, लाइट नसेल. लाइट होती. आण्णांनी कुणाला काही न सांगता मोटार बंद केली होती. आम्ही बांधावरून बघत होतो, त्यांच्या वेलीचे कोवळे शेंडे माना टाकत होते. तात्यांनी निरोप पाठवला की चालू कर बाबा. आण्णांनी तरी केली नाही. अखेर त्यांच्या मुलानं भांडून ती चालू केली तेव्हा अर्धी बाग करपली होती. मोटार फुसफुसली, थोडं गढूळ पाणी टाकलं आणि बंद पडली. हिवरांना तेवढ्या दिवसांत एकही कोंब आला नव्हता. त्या दोघांनी पुढं हा विषय कधीच काढला नाही. बांधावर भेटले की एकमेकांना तंबाखू द्यायचे आणि दुसरीकडं बघायचे.

आता ओढ्याला पाणी येतं. लांबून कुठून तरी उचलून आणलेलं, कालव्याचं. विलासनं पुन्हा बाग लावली आहे, वहिनी गॅलरीत तुळस वाढवते. तात्या ते पाणी बघायला राहिले नाहीत. मी माहेरी जाते तेव्हा ओढ्याच्या काठाला उभी राहते. पाणी खळखळत जातं आणि दोन्ही काठ मोकळे. कुणी म्हणतं, झालं गेलं, आता लावू की झाडं. लावतीलही. पण तात्यांच्या भाषेत 'आपल्या आधीची' झाडं कशी लावतात, ते मला कुणी सांगत नाही.

त्या वैशाखात एकदा वळीव पडला होता. घटकाभरच. आणि दोन-तीन दिवसांनी तात्या अनवाणी धावत घरी आले. नुसते हातानं बोलावत होते. ओढ्याकडच्या अगदी शेवटच्या हिवराला, एका फांदीला, तांबूस कोंब आले होते. तात्या लहान मुलासारखे रडले. विलास पण रडला. वहिनीनं, त्याच वहिनीनं, आपल्या हातानं कळशी आणून बुंध्याशी ओतली. आम्ही आळीपाळीनं त्या फांदीवर सावली धरली. जुनं धोतर काठ्यांना बांधून तंबू केला. कोंब बोटाच्या पेराएवढे झाले, पानं उलगडायला लागली. मग एका सकाळी ती मिटलेली होती. दुपारी काळी पडली. वळवाच्या पाण्यानं झाडाला बोलतं केलं, आणि खाली ओ द्यायला पाणीच नव्हतं. तात्यांनी साल खरवडली. धोतर सोडलं, घडी केली आणि खांद्यावर टाकलं.

त्यांनीच विलासला सांगितलं, "व्यापारी बोलाव. उभी मढी बघवत न्हाईत."

लाकूड घेणारा आला. फांद्या उतरल्या, बुंधे पडले. खोडाखालची बुडखीही त्याला कोळशासाठी हवी होती, म्हणून जेसीबी आणला होता. बोअरजवळच्या सगळ्यात मोठ्या हिवराचं बुडखं उकरायला सुरुवात झाली. पाइप दिसू लागला, तसा चालवणाऱ्यानं हात थांबवला आणि आम्हाला बोलावलं.

खड्ड्यात लोखंडी पाइप उभा होता. आणि हिवराची एक मुळी, मनगटाएवढी जाड, आडवी येऊन त्या पाइपाला भिडली होती. तिथून ती खाली वळली होती. पाइपाला वेटोळं घालून, बिलगून, सरळ खाली गेली होती. माती ढासळत होती, तरी दिसत होतं तिथवर ती दिसत होती. बारीक होत होत, पाइपाच्या कडेकडेनं, पाणी गेलं त्या वाटेनं.

तात्या खड्ड्याच्या काठावर बसले. मग घसरत खाली उतरले. विलास ओरडला, "तात्या, माती पडंल!" त्यांनी ऐकलं नाही. मुळीवर तळहात ठेवला. नख लावलं नाही. साल खरवडली नाही. नुसता हात ठेवून बसले. खड्ड्याबाहेर कुणी हललं नाही. धनपाल आण्णा बांध ओलांडून आले होते, तेही टोपी हातात घेऊन उभे होते.

"बुजवा," तात्या वर न बघता म्हणाले. "हिला काढू नगा."

त्यांना हात देऊन वर घेतलं. यंत्राला कुणी सांगितलं नाही. विलासनं खोरं घेतलं, आण्णांनी पाटी घेतली, मी हातांनी माती लोटू लागले. तात्या प्रत्येक ढेकूळ फोडून टाकत होते, जशी पेरणीला माती करतात तशी. घामानं डोळे चुरचुरत होते. माती कोरडी, पिठासारखी, बोटांतून निसटणारी.

निम्मा खड्डा भरला असेल. तेवढ्यात वरच्या रस्त्यावरून टँकरचा हॉर्न वाजला. घराकडून वहिनीची हाक आली, "आवं, पळा! टँकर आला! लोकं रांग लावत्यात!"

क्षणभर आम्ही एकमेकांकडं पाहिलं. मग विलासनं खोरं टाकलं. आण्णांनी पाटी टाकली. मी चपला तिथंच सोडल्या. आणि आम्ही सगळे, मातीनं भरलेल्या हातांनी, हंड्यांकडं पळालो. चढावर मी मागं वळून पाहिलं, तर धोतराचा सोगा तोंडात धरून तात्याही पळत येत होते.